विश्लेषण : ‘हार्डनर’ची बाटली धोकादायक का? डोंबिवलीच्या स्फोटातून जुन्नर-आंबेगावने काय शिकावे?

डोंबिवली औद्योगिक वसाहतीतील अमुदान केमिकल्स या कारखान्यात २३ मे २०२४ रोजी भीषण स्फोट झाला आणि दहाहून अधिक जणांचा जीव गेला. या कारखान्यात ज्या रसायनांचे उत्पादन होत असे, त्यांत ‘सेंद्रिय पेरॉक्साइड’ हा गट प्रमुख होता. नाव अनोळखी वाटले तरी वस्तू ओळखीची आहे. फायबरच्या कामात रेझिन घट्ट करण्यासाठी वापरला जाणारा ‘हार्डनर’ म्हणजे सेंद्रिय पेरॉक्साइडच. गाडीचा पोचा भरताना पुट्टीत मिसळली जाणारी छोटी ट्यूब, दुग्धप्रकल्पात वापरले जाणारे काही जंतुनाशक हेही याच गटातले. नारायणगाव, मंचर, आळेफाटा, जुन्नर, घोडेगाव अशा गावांतील शेड, गॅरेज आणि दुकानांपर्यंत पोहोचणारे हे रसायन नेमके आहे काय, ते कशामुळे बिघडते आणि ते हाताळताना कोणती काळजी घ्यावी, याविषयी...

डोंबिवलीत काय घडले?

गुरुवारी दुपारी दीड-पावणेदोनच्या सुमारास डोंबिवली पूर्वेतील एमआयडीसी फेज दोनमध्ये स्फोट झाला. आवाज काही किलोमीटरपर्यंत ऐकू गेला. आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटल्या, शेजारच्या कारखान्यांनाही आगीने वेढले. मृतदेहांची अवस्था अशी होती, की ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचणीचा आधार घ्यावा लागला. सुरुवातीला बॉयलर फुटल्याची माहिती पसरली. नंतर स्फोट बॉयलरचा नसून रिअ‍ॅक्टरचा, म्हणजे रासायनिक प्रक्रिया जिथे घडते त्या पात्राचा असल्याचे सांगण्यात आले.

हा फरक महत्त्वाचा आहे. बॉयलर फुटतो तो वाफेच्या दाबाने. त्याला ठरावीक मर्यादा असते. रिअ‍ॅक्टरमध्ये किंवा पिंपात पेरॉक्साइड बिघडते तेव्हा ते स्वतःच उष्णता आणि वायू तयार करत जाते. त्याच डोंबिवलीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस एंटरप्रायझेस या कारखान्यात स्फोट होऊन १२ जणांचा मृत्यू झाला होता. ते रसायन वेगळे होते. पण दोन्ही घटना मे महिन्यातल्या आणि दोन्ही वेळा नागरी वस्तीला झळ बसली. २०२४ च्या घटनेनंतर अतिधोकादायक कारखाने वस्तीपासून दूर हलवण्याची घोषणा राज्य सरकारने केली.

सेंद्रिय पेरॉक्साइड म्हणजे काय?

ज्या कार्बनी संयुगात ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना थेट जोडलेले असतात, त्याला सेंद्रिय पेरॉक्साइड म्हणतात. ‘सेंद्रिय’ या शब्दाने गैरसमज होऊ नये. सेंद्रिय शेती किंवा सेंद्रिय गूळ यांच्याशी त्याचा संबंध नाही. रसायनशास्त्रात कार्बनच्या संयुगांना सेंद्रिय म्हणतात, इतकाच त्याचा अर्थ.

दोन ऑक्सिजन अणूंमधला हा बंध कमकुवत असतो. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे साधारण ३५० किलोज्यूल ऊर्जा लागते; पेरॉक्साइडचा बंध साधारण १५० ते २०० किलोज्यूलमध्ये तुटतो. थोडी उष्णता किंवा धातूचा अंश त्यासाठी पुरतो. बंध तुटला की अत्यंत क्रियाशील तुकडे तयार होतात. हेच तुकडे पातळ रेझिनच्या रेणूंना एकमेकांत गुंफून टाकतात आणि तासाभरात टणक फायबर तयार होते. म्हणजे ज्या गुणामुळे हे रसायन उपयोगी ठरते, त्याच गुणामुळे ते धोकादायकही ठरते. शिवाय कार्बनचा भाग म्हणजे इंधन आणि ऑक्सिजनही त्याच रेणूत. लाकडाला जळायला बाहेरची हवा लागते. पेरॉक्साइडला विघटनासाठी तिचीही गरज नसते. त्यामुळे झाकण बंद आहे म्हणून ते सुरक्षित, असे समजता येत नाही.

काडी न लावता ते पेटते कसे?

ओला कडबा रचून ठेवला तर गंजी आतून तापते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आत तयार होणारी उष्णता बाहेर पडत नाही, साठत जाते आणि कधी कधी धूर निघू लागतो. पेरॉक्साइडच्या पिंपात असेच होते, फक्त फार वेगाने. ते सदैव थोडे थोडे विघटित होत असते. थंड जागी ही उष्णता सहज निघून जाते. तापमान वाढले की विघटन वाढते, त्यातून आणखी उष्णता, त्यातून आणखी विघटन. एका टप्प्यानंतर हे चक्र थांबत नाही. हा टप्पा ज्या तापमानाला येतो, त्याला ‘स्वयंवेगवर्धक विघटन तापमान’ म्हणतात. विशिष्ट पॅकिंगमधला माल ज्या किमान तापमानात ठेवल्यास सात दिवसांच्या आत बेकाबू होतो, ते हे तापमान.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक, साठा जितका मोठा तितके हे तापमान खाली येते, कारण मोठ्या पिंपातून उष्णता लवकर बाहेर पडत नाही. छोट्या गंजीपेक्षा मोठी गंजी लवकर तापते, तसेच. दोन, काही पेरॉक्साइड इतकी नाजूक असतात, की ती कायम शीतगृहातच ठेवावी लागतात. फायबरच्या कामातला नेहमीचा हार्डनर, म्हणजे ‘मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड’ किंवा ‘एमईकेपी’, त्या मानाने स्थिर असतो. तो शुद्ध रूपात विकला जात नाही. धोका कमी करण्यासाठी त्यात दुसरा द्रव मिसळलेला असतो. तरीही तो थंड, सावलीच्या, हवेशीर जागी ठेवावा, अशीच उत्पादकांची सूचना असते. एप्रिल-मेमध्ये जुन्नर-आंबेगावात पारा ४० अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या शेडमध्ये छताखाली किंवा उन्हात उभ्या टेम्पोच्या बंद केबिनमध्ये तापमान याहून कितीतरी जास्त असते.

आपल्या परिसरात ते कुठे आढळते?

फायबरच्या टाकीची दुरुस्ती, टेम्पोचे बॉडीकाम, होडी, पत्रे, दरवाजे, देखाव्यातल्या मूर्ती, कमानी अशी कामे पॉलिस्टर रेझिनने होतात. त्यात तीन वस्तू लागतात : रेझिन, ‘कोबाल्ट’ म्हणून ओळखला जाणारा जांभळट निळा द्रव आणि हार्डनर. हार्डनरचे प्रमाण रेझिनच्या साधारण एक ते दोन टक्के इतकेच असते.

गॅरेजमध्ये पुट्टीसोबत येणाऱ्या ट्यूबमध्ये बेंझॉइल पेरॉक्साइड असते. ग्रॅनाइट-मार्बल बसवणारे कारागीर सांधे भरायला वापरतात त्या लापीतही असाच हार्डनर असतो. ट्यूबमधले रसायन लगद्यात मिसळून सौम्य केलेले असल्याने त्याचा धोका बराच कमी. मुरुमांच्या मलमात तर हेच बेंझॉइल पेरॉक्साइड अडीच ते पाच टक्के असते. त्याने स्फोटाची भीती बाळगण्याचे कारण नाही. कोरडी, शुद्ध बेंझॉइल पेरॉक्साइडची भुकटी मात्र घर्षणानेही पेटू शकते.

दोन्ही तालुक्यांत दुधाचा आणि कोंबड्यांचा व्यवसाय मोठा आहे. या क्षेत्रात यंत्रे, नळ्या आणि उबवणी केंद्रे निर्जंतुक करण्यासाठी पेरॅसिटिक आम्ल वापरले जाते. व्हिनेगरसारखा झोंबणारा वास ही त्याची खूण. त्यातून सतत थोडा वायू सुटतो, म्हणून मूळ कॅनच्या झाकणाला हवा जाण्याची सोय असते. ते घट्ट बुचाच्या बाटलीत भरले तर बाटली फुगून फुटू शकते. कॉस्टिक किंवा ब्लीचमध्ये ते कधीही मिसळू नये.

चौथी जागा महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेतील कपाट. डायइथाइल ईथर, टेट्राहायड्रोफ्युरान असे द्रावक पेरॉक्साइड नसतात. पण उघडलेल्या बाटलीत हवा आणि प्रकाश यांच्यामुळे काही महिन्यांत ते पेरॉक्साइड तयार करतात. बुचाभोवती स्फटिक दिसणारी जुनी ईथरची बाटली हलवू नये, उघडू नये. बाटली उघडल्याची तारीख लेबलवर लिहिणे हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे.

फायबरच्या कामात सर्वांत धोकादायक चूक कोणती?

कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र करणे. दोन्ही रेझिनमध्येच घालायचे असतात, मग आधी एकमेकांत मिसळले तर काय बिघडले, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात कोबाल्ट हा पेरॉक्साइडचा बंध तोडणारा धातू आहे. रेझिनमध्ये दोघेही अत्यल्प असतात आणि पसरलेले असतात, म्हणून क्रिया आवाक्यात राहते. थेट भेट झाली तर क्षणात आग लागते, स्फोटही होऊ शकतो. योग्य क्रम एकच : रेझिनमध्ये आधी कोबाल्ट घालून पूर्ण ढवळायचे, नंतर सर्वांत शेवटी हार्डनर. अनेक रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेला असतो, तो पुन्हा घालायचा नाही. दोघांसाठी मापे वेगळी, ढवळण्या वेगळ्या आणि ठेवण्याची कपाटेही वेगळी.

दुसरी चूक, उरलेला हार्डनर मूळ बाटलीत परत ओतणे. मापाला चिकटलेला रेझिनचा थेंब, गंज, धुळीचा कण यांनी संपूर्ण बाटली बिघडू शकते. पितळ, तांबे, लोखंड यांची मापे किंवा नरसाळी वापरू नयेत, प्लास्टिकची वापरावीत. हार्डनर पातळ करायला अ‍ॅसिटोन किंवा थिनर वापरू नये. तिसरी चूक, उरलेले रेझिन बादलीत तसेच ठेवून घरी जाणे. जाड थरात घट्ट होताना ते उकळण्याइतके तापते, धूर सोडते आणि शेजारच्या मालाला पेटवू शकते. ते उघड्यावर, पातळ पसरून घट्ट होऊ द्यावे.

कोल्ड्रिंकच्या बाटलीतला हार्डनर इतका घातक का?

हार्डनर पाण्यासारखा पारदर्शक दिसतो. मोठ्या कॅनमधून सुटा घेतला की तो पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत येतो. शेडमध्ये ती बाटली पाण्याच्या बाटल्यांशेजारीच उभी राहते आणि तहानलेला कामगार किंवा घरातले मूल घोट घेते. अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. घोटभर हार्डनर तोंड, अन्ननलिका आणि जठर भाजून काढतो, रक्तातील आम्लता धोकादायक पातळीवर नेतो, यकृतावर परिणाम करतो आणि जीवही घेऊ शकतो. डोंबिवलीसारखा स्फोट लहान शेडमध्ये होण्याची शक्यता कमी, कारण तेवढा साठाच नसतो. चुकीच्या बाटलीने होणारा अपघात मात्र कुठेही होऊ शकतो आणि तो टाळायला एक पैसाही लागत नाही.

सुट्या बाटलीचे आणखी दोन तोटे आहेत. मूळ बाटलीच्या झाकणातून आतला वायू बाहेर पडू शकतो, साध्या बाटलीच्या घट्ट बुचातून नाही. आणि बाटलीवर नाव नसल्याने दवाखान्यात डॉक्टरांना काय प्यायले गेले हेच कळत नाही.

साठवताना काय पाळावे?

थंड, स्वच्छ आणि वेगळे, हे तीन शब्द लक्षात ठेवले तरी पुरे. दोन-चार दिवसांना लागेल तेवढाच हार्डनर आणावा. मूळ बाटलीत, उभा, सावलीत, विटांच्या भिंतीच्या हवेशीर खोलीत ठेवावा. पत्र्याखालच्या माळ्यावर, खिडकीत किंवा वाहनात ठेवू नये. वेल्डिंग, ग्राइंडर, चूल, जनरेटर यांपासून आणि कोबाल्ट, रंग, थिनर, डिझेल यांपासून दूर ठेवावा. थंड जागा हवी म्हणून घरातल्या फ्रिजमध्ये ठेवणे हा उपाय नव्हे. तिथे अन्न असते आणि मुलांचे हात पोहोचतात. ढवळताना चष्मा आणि हातमोजे हवेतच. बाटली फुगलेली, गरम किंवा धुरकट दिसली तर ती उचलून बाहेर नेण्याचे धाडस करू नये. सर्वांनी बाहेर पडून अग्निशमन दलाला कळवावे.

अपघात झालाच तर?

डोळ्यात थेंब गेला तर प्रत्येक सेकंद मोलाचा. एमईकेपीने कायमचे अंधत्व येऊ शकते. पापण्या उघड्या धरून वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे डोळा धुवावा आणि त्यानंतरच रुग्णालयाकडे निघावे. आधी गाडी शोधण्यात वेळ गेला तर नुकसान होऊन चुकलेले असते. म्हणून फायबरच्या शेडमध्ये पाण्याचा नळ किंवा भरलेली स्वच्छ बादली हाताशी हवी.

पोटात गेला तर उलटी करवू नये. वर येताना तो पुन्हा भाजतो. तोंड पाण्याने खळखळून धुवावे आणि मंचरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो सोबत न्यावा. अंगावर सांडला तर कपडे लगेच उतरवून त्वचा भरपूर पाण्याने धुवावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

जमिनीवर सांडल्यास लाकडाचा भुसा, चिंध्या किंवा वर्तमानपत्र टाकू नये. सवयीने हात तिकडेच जातो. पण हार्डनर शोषलेला भुसा काही वेळाने आपोआप पेटू शकतो. ओली, स्वच्छ वाळू टाकून प्लास्टिकच्या फावड्याने गोळा करावे. पुसलेल्या चिंध्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

महामार्गावरचा धोका कसा ओळखावा?

जुन्नर-आंबेगावचा या रसायनांशी येणारा संबंध शेडपुरता नाही. पुणे-नाशिक महामार्ग मंचर, नारायणगावमार्गे जातो. कल्याणहून माळशेज घाट चढून ओतूरमार्गे अहिल्यानगरकडे जाणारा महामार्ग त्याला आळेफाट्यावर छेदतो. ठाणे जिल्ह्यातील औद्योगिक पट्टा, चाकण आणि नाशिक यांना जोडणाऱ्या या रस्त्यांवर रसायनांची वाहतूक होणे स्वाभाविक आहे.

धोकादायक माल नेणाऱ्या वाहनावर चौकोन उभा तिरपा ठेवल्यासारखा फलक असतो. सेंद्रिय पेरॉक्साइडच्या फलकाचा वरचा अर्धा भाग लाल, खालचा पिवळा, वर ज्वालेचे चित्र आणि खाली ५.२ हा आकडा असतो. सोबत चार अंकी संयुक्त राष्ट्र क्रमांक असतो. या गटासाठी तो ३१०१ ते ३१२० यांपैकी एक. ३१११ पासून पुढचा क्रमांक असेल तर माल शीतवाहनातूनच न्यायचा असतो. तो ट्रक उलटला, शीतयंत्रणा बंद पडली, तर आग दिसत नसली तरी वेळ मोजायला सुरुवात झालेली असते.

ट्रक उलटला की मदतीला, पाहायला आणि कधी माल उचलायलाही गर्दी जमते. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या आपत्कालीन मार्गदर्शिकेनुसार अशा मालाच्या टँकरला आग लागल्यास चहूबाजूंनी ८०० मीटरचा परिसर रिकामा करावा. गावाच्या चौकात ही वेळ आली तर बाजारपेठ, एसटी स्थानक आणि शाळा या वर्तुळात येतात. फलक दुरून वाचावा, शक्य असल्यास मोबाइलचा कॅमेरा झूम करून टिपावा, ११२ ला क्रमांक कळवावा आणि मागे सरावे. मोबाइलवर व्हिडीओ काढत जवळ थांबणे जिवावर बेतू शकते.

जगात याआधी काय घडले आहे?

टोकियोच्या शिनागावा भागात १४ जुलै १९६४ रोजी रसायनांच्या गोदामाला आग लागली. ती विझवली जात असताना तिथेच ठेवलेल्या एमईकेपीचा स्फोट झाला आणि आग विझवणारे १९ जण मृत्युमुखी पडले. आत काय साठवले आहे याची माहिती बंब पोहोचण्याआधी अग्निशमन दलाकडे असणे का आवश्यक, हे या घटनेने दाखवले.

अमेरिकेतील टेक्सासमध्ये क्रॉसबी येथील आर्केमा कंपनीत २०१७ च्या ऑगस्टअखेर वेगळेच घडले. हार्वे चक्रीवादळाच्या पुरात वीज गेली, जनरेटर बुडाले. कर्मचाऱ्यांनी पेरॉक्साइड शीत ट्रेलरमध्ये हलवले. पण त्यांची यंत्रणाही बंद पडली. माल तापला आणि ३१ ऑगस्टपासून काही ट्रेलर आपोआप पेटले. आसपासच्या २००हून अधिक रहिवाशांना आधीच हलवल्याने जीवितहानी टळली. धुराचा त्रास झालेल्या पोलीस आणि बचाव कर्मचाऱ्यांसह २१ जणांना उपचार घ्यावे लागले. त्यांना कोणी काडी लावली नव्हती की ठिणगी पडली नव्हती. थंडावा गेला, एवढेच कारण पुरले.

कायदा काय सांगतो?

भोपाळ दुर्घटनेनंतर १९८९ मध्ये धोकादायक रसायनांचे उत्पादन, साठवणूक आणि आयात यांचे नियम आले. त्यानुसार धोकादायक रसायनाच्या प्रत्येक डब्यावर आत काय आहे, ते कोणी बनवले आणि त्याचे धोके काय, हे स्पष्ट लिहिलेले असणे आवश्यक आहे. रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रकही असावे लागते. १९९६ च्या नियमांनुसार रासायनिक अपघातांसाठी जिल्हा पातळीवर आपत्ती गट असतो. कारखान्यांची तपासणी राज्याचे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करते.

अडचण अशी, की ही यंत्रणा मोठे साठे आणि नोंदणीकृत कारखाने डोळ्यांसमोर ठेवून उभी आहे. चार-पाच कामगारांची शेड सहसा तिच्या कक्षेत येत नाही. तिथे नियम पाळले जातात की नाही हे निरीक्षक पाहणार नाही. ते मालकाला, कारागिराला आणि विक्रेत्यालाच पाहावे लागेल.

सुरुवात दुकानाच्या काउंटरवर करता येते. बिनलेबलच्या बाटलीत सुटा हार्डनर घेऊ नये आणि विक्रेत्याने तो देऊ नये. माहितीपत्रक मागावे, इंग्रजीत असेल तर त्यातली साठवणुकीची आणि प्रथमोपचाराची चार वाक्ये मराठीत लिहून शेडच्या भिंतीवर लावावीत. ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीने आपल्या हद्दीत असा माल कुठे आणि किती ठेवला जातो याची साधी यादी करून अग्निशमन दल आणि रुग्णालयाकडे दिली, तरी आणीबाणीतला पहिला अर्धा तास वाया जाणार नाही. उन्हाळा सुरू होण्यापूर्वी शेडमधल्या जुन्या, फुगलेल्या, बिनलेबलच्या बाटल्या शोधून वेगळ्या काढणे आणि त्यांच्या विल्हेवाटीबाबत विक्रेत्याला किंवा उत्पादकाला विचारणे, हे काम तर याच आठवड्यात करता येण्याजोगे आहे.